सहावा शब्द : रेणवीय जीवशास्त्राच्या नव्या वाचकांसाठी प्रस्तावना

बऱ्याच वर्षांपूर्वी चिमूरला बारावीच्या वर्गातल्या एका मुलीने तास संपल्यावर माझ्या टेबलावर एक पिवळं कार्ड ठेवलं. घडी पडू नये म्हणून तिने ते पॉलिथिनच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. कार्डावर नाव, गाव, वय आणि पुढे दोन अक्षरं : एएस. तिने हळू आवाजात विचारलं, "सर, एएस म्हणजे अर्धा आजारच ना?"

मेंडेलच्या वाटाण्यांचा तक्ता या मुलीने परीक्षेत बिनचूक काढला होता. त्या तक्त्याचा आणि पॉलिथिनमधल्या कार्डाचा संबंध मात्र मी वर्गात कधी दाखवला नव्हता. तो दोष माझा होता. या पुस्तकाची सुरुवात त्या दिवशी झाली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण चिमूर, नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून थेट भामरागडपर्यंत हा प्रश्न हजारो घरांत विचारला जातो. एएस म्हणजे अर्धा आजार नव्हे. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या मुलीकडची एक प्रत नेहमीची होती, एक बदललेली. नेहमीची प्रत पुरेसं चांगलं हिमोग्लोबिन बनवते, म्हणून ती रोवणीला बांधीत उतरायची, सायकल मारत कॉलेजला यायची, आणि तिला काही होत नव्हतं. ती वाहक होती. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर तो एसएस, त्याचं कार्ड लाल, आणि तो खरा आजार, सिकलसेल : हाडं-सांधे पिळवटून काढणाऱ्या कळा, वारंवार ताप, पांढरा पडलेला चेहरा, पुन्हा पुन्हा दवाखाना.

एवढं फळ्यावर चार ओळींत लिहून झालं. पण तिचा पुढचा प्रश्न चार ओळींत मावणारा नव्हता. "बदललेली म्हणजे नेमकं काय बदललं?"

या 'नेमकं काय'चा पाठलाग म्हणजे रेणवीय जीवशास्त्र.

मेंडेलला जनुक दिसला नव्हता. त्याला दिसले ते पिढ्यांमधले हिशेब. जनुक हा पदार्थ कशाचा बनलेला आहे, तो स्वतःची नक्कल कशी करतो आणि त्यातल्या मजकुरातून रक्त, केस, दात कसे घडतात, हे कळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. तो पदार्थ म्हणजे डीएनए. चार रासायनिक घटकांची लांबच लांब माळ. ए, टी, जी, सी अशी त्यांची अक्षरं. माळा दोन असतात, एकमेकींभोवती वळलेल्या. एकीवर ए असेल तिथे दुसरीवर टी, जी असेल तिथे सी. म्हणजे एक माळ हाती असली की दुसरी आपोआप लिहिता येते, आणि पेशी दुभंगताना नेमकं हेच होतं. रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने १९५२ साली घेतलेलं क्ष-किरणचित्र आणि १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी मांडलेली रचना ही या शास्त्राची प्रसिद्ध जन्मकथा. तिच्यावर पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथे थांबत नाही.

माणसाच्या मजकुराच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत, तेवीस गुणसूत्रांत वाटलेली. त्यांतल्या प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांची संख्या साधारण वीस हजार. जनुकाची आधी आरएनए नावाची कच्ची नक्कल निघते, ती केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम तिच्यावरून तीन-तीन अक्षरांचे शब्द वाचत जातो. जवळजवळ प्रत्येक शब्दाचा अर्थ एक अमायनो आम्ल. कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ, हा कोश उलगडणाऱ्यांत पंजाबातल्या रायपूर गावी जन्मलेले हरगोविंद खोराना होते. १९६८ चं नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर मिळालं.

आता आपला जनुक उघडू. तो अकराव्या गुणसूत्रावर आहे, सुमारे सोळाशे अक्षरांचा. त्यातले दोन मोठे तुकडे आरएनएच्या पायरीवर कापून टाकले जातात आणि उरलेल्या मजकुरातून १४६ अमायनो आम्लांची साखळी तयार होते. आरंभाची खूण असलेला पहिला शब्द सोडून मोजत गेलं की सहावा शब्द येतो : जीएजी. त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलच्या प्रतीत तिथे जीटीजी आहे, आणि त्याचा अर्थ व्हॅलिन. मधल्या एच्या जागी टी, बाकी सगळं तसंच.

त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली, "एवढंच?"

एवढंच. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, त्याला पाण्यात राहणं मानवतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाणी टाळणारं. हिमोग्लोबिनने आपला ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवरची एक खोबण उघडी पडते. हे व्हॅलिन नेमकं तिथे जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत जाऊन ताठ दोरखंड तयार होतात आणि एरवी लवचीक, गोल असलेली तांबडी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. कार्तिकात धान कापायला आमच्या गावांत घराघरांतून विळे निघतात, त्यामुळे या आकाराचं चित्र मुलांना काढून दाखवावं लागत नाही. वाकलेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही, तीच ती कळ. शिवाय नेहमीची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्यासारखी झालेली दहा ते वीस दिवसांत फुटते. रक्त कमी का, याचं उत्तर तिथे आहे.

इथे एक गोष्ट सांगायला मला फार आवडतं. पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, म्हणून त्या पेशीत हा जनुकही नसतो. मजकूर लिहून झाल्यावर पोथी बाहेर टाकलेली असते. रक्तातून डीएनए तपासायचा तर तो पांढऱ्या पेशींमधून काढावा लागतो. भोगणारी पेशी एक, साक्ष देणारी दुसरी.

आता या पुस्तकाचा मुख्य मुद्दा मांडतो. हे शास्त्र शिकताना आपल्या मुलांना वाटतं की हे सगळं केंब्रिज आणि कॅलिफोर्नियातलं आहे. आपण ते पाठ करायचं, बस. प्रत्यक्षात या शास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या वळणावर तोच रेणू उभा आहे, जो चिमूरच्या घरांत आहे. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचं प्रसिद्ध केलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं. आजाराचं कारण एका रेणूच्या बांधणीत आहे, हे तेव्हा पहिल्यांदा हाती लागलं आणि 'रेणवीय आजार' ही कल्पनाच त्यातून जन्मली. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी ते हिमोग्लोबिन तुकड्यातुकड्यांनी तपासून फरक एका अमायनो आम्लावर आणून ठेवला. १९७८ मध्ये कान आणि डोझी यांनी डीएनए कापणाऱ्या विकराच्या मदतीने गर्भातलं निदान शक्य करून दाखवलं. तेही याच जनुकासाठी. आणि १९८५ च्या डिसेंबरात पीसीआर या तंत्रावरचा पहिला शोधनिबंध छापून आला, त्यात वाढवलेला डीएनएचा तुकडा होता बीटा ग्लोबिनचा आणि हेतू होता सिकलसेलचं निदान. आज करोनापासून क्षयापर्यंत ज्या तपासणीचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, तिची पहिली परीक्षा आपल्या सहाव्या शब्दावर झाली.

पीसीआरचं गणित सोपं आहे. एकाचे दोन, दोनांचे चार, असं तीस वेळा केलं तर एका तुकड्याच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होतात. कापणाऱ्या विकराचं कामही पाहून ठेवा. नेहमीच्या प्रतीत पाचवा, सहावा आणि सातव्याचं पहिलं अक्षर मिळून सीसीटीजीएजीजी अशी ओळ बनते आणि एक विशिष्ट विकर ती ओळ ओळखून तिथे कात्री चालवतं. ए जाऊन टी आला की ओळ ओळखू येत नाही, कात्री चालत नाही, तुकडा लांब राहतो. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर दोन छोट्या पट्ट्यांऐवजी एक मोठी पट्टी दिसली की समजायचं. वाहकात दोन्ही प्रकारच्या पट्ट्या दिसतात. बदललेलं अक्षर असं डोळ्यांनी पाहता येतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

भारतात हा बदललेला जनुक पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींमध्ये. लेमान आणि कटबुश यांनी. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरहून मध्य भारतातल्या वाहकांची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. नागपूर इथून शंभरेक किलोमीटर. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभर पायपीट करून तपासण्या केल्या. त्या कामासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या २००२ च्या अहवालात भिल्ल, माडिया, पावरा, परधान आणि ओतकर या जमातींत या जनुकाचं प्रमाण २० ते ३५ टक्के आढळल्याचं नोंदलं आहे, आणि मोठा भार असलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली आणि चंद्रपूर आहेत. पण याला 'आदिवासींचा आजार' म्हणणं चूक आहे. विदर्भात तो बौद्ध, कुणबी, तेली घरांतही आहे. ज्यांना तो आपला वाटत नाही त्यांच्याकडे तपासणी उशिरा होते, म्हणून हा शब्दप्रयोग मला धोकादायक वाटतो.

मग इतका त्रासदायक बदल इतक्या लोकांत टिकला कसा? उत्तर डासात आहे. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मुलांच्या रक्तावरून दाखवलं की एक बदललेली प्रत असलेल्यांना फॅल्सिपॅरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. राज्यात मलेरिया जास्त आढळणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली आहे. आपल्या रानातल्या पूर्वजांपैकी ज्या मुलांकडे एएस होतं ती तापातून जास्त तगली, त्यांना मुलं झाली, अक्षर पुढे गेलं. ती मुलगी 'अर्धा आजार' म्हणत होती त्याचा पूर्वी असा उपयोग होता. हे तिला सांगितलं तेव्हा तिने कार्ड पहिल्यांदा सरळ धरून पाहिलं.

वारशाचं गणित मात्र नीट समजावून द्यावं लागतं. आई-वडील दोघेही एएस असतील तर मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस असण्याची चारात दोन, आणि एए, म्हणजे दोन्ही प्रती नेहमीच्या, असण्याची चारात एक. अनेकांना वाटतं, पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नाही. डब्यात चार चिठ्ठ्या टाकायच्या, एक उचलायची, वाचून पुन्हा डब्यात टाकायची आणि मगच दुसऱ्या मुलासाठी उचलायची. प्रत्येक वेळी डबा भरलेलाच असतो. एक वाहक आणि दुसरा एए असेल तर एसएस मूल होत नाही. लग्नाआधी कार्ड बघण्याचा आग्रह आहे तो यासाठी. त्यावरून मुलीला नाकारावं, असं त्यात काहीही नाही. ज्याच्याकडे ही प्रत नाही अशा जोडीदाराबरोबर वाहकाला एसएस मुलाची भीती नसते.

तपासणीची पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते आणि ती पाहण्यासारखी असते. बोटातून रक्ताचा थेंब, एका द्रावणात टाकायचा, नळीमागे रेषा आखलेला कागद धरायचा. रेषा स्पष्ट वाचता आल्या तर ठीक; द्रावण गढूळ होऊन रेषा झाकल्या गेल्या तर सिकलसेलचं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस, आहे. पण एवढ्यावरून एएस की एसएस हे कळत नाही. म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्या. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये चालतं ते पॉलिंग यांचं १९४९ चंच तत्त्व : ग्लुटामिक आम्ल गेलं, त्याच्याबरोबर ऋण भार गेला, म्हणून एस मागे रेंगाळतं. आमच्या भागात आशाताई 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' म्हणतात. तो 'पॅटर्न' म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसवर दिसणाऱ्या पट्ट्यांची मांडणी, आणि या पुस्तकात मी तोच शब्द ठेवला आहे.

ज्ञान आणि गरज यांतलं अंतरही इथे नोंदवायला हवं. १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी स्वतः सांगितलं आहे की सुरुवातीच्या काळात त्यांनी सिकलसेलचं संशोधन केलं, प्रमाण मोठं निघालं, पण लोकांना ती आपली निकड वाटली नाही. त्यातून ते आधी लोकांना विचारायला शिकले. या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. तेव्हा कार्ड मिळालं तरी त्यापुढे देण्यासारखं फार थोडं होतं. आता परिस्थिती पालटली आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. गर्भात आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, आणि म्हणूनच एसएस बाळ पहिले काही महिने बरं असतं. हायड्रॉक्सियुरियाने ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात वाढतं. भारतीय रुग्णांत ते मुळातच जास्त असतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं पुस्तकं सांगत आली. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी विदर्भातल्या मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा अनेकांत तो चांगलाच तीव्र आढळला. पुस्तकातलं सरासरी वाक्य आणि आपल्या खाटेवरचं मूल यांत फरक असू शकतो, हे विद्यार्थ्यांनी याच उदाहरणावरून शिकावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी आयसीएमआरचं चंद्रपुरातलं हिमोग्लोबिनविकार संशोधन केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. १ जुलै २०२३ रोजी शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ हे उद्दिष्ट ठेवून. आणि त्याच वर्षी ब्रिटन व अमेरिकेने जनुकात फेरफार करणाऱ्या क्रिस्पर तंत्रावरच्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली, तो उपचार कशासाठी, तर सिकलसेलसाठी. गंमत बघा, त्यात सहावा शब्द दुरुस्त केला जातच नाही. बीसीएल११ए नावाचा दुसरा एक जनुक गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद ठेवतो. रक्त घडवणाऱ्या पेशी शरीराबाहेर काढून त्या जनुकाची कळ मोडायची आणि त्या परत सोडायच्या. अमेरिकेत याची किंमत तेव्हा २२ लाख डॉलर होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत विकसित झालेला स्वदेशी उपचार जाहीर झाला, नाव 'बिरसा १०१', आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. तो भामरागडच्या दवाखान्यापर्यंत कधी पोहोचतो, याकडे माझे डोळे लागलेले आहेत.

पुस्तक केवळ रक्ताचं नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांच्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. १९८३ मध्ये धानाच्या 'पटेल ३' वाणाच्या बांधीत त्यांना वेगळ्या, पिवळसर दाण्यांच्या मोजक्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून जे वाण स्थिर झालं त्याला पुढे घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणू लागले. तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याने जनुक हा शब्द न वापरता जनुकांची निवड केली. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. धानाचा सगळा जनुकसंच, बारा गुणसूत्रांवरची सुमारे ३९ कोटी अक्षरं, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अकराव्या गुणसूत्राच्या वाचनात भारताचा वाटा होता. दादाजींनी डोळ्यांनी पाहिलं ते आता कोणत्या अक्षरात शोधायचं, हे त्या प्रकरणात सविस्तर दिलं आहे.

वाघावर थोडंच लिहिलं आहे, कारण ताडोबावर पुस्तकं पुष्कळ निघतात. कोलारा गेटपासून काही मैलांवर राहणाऱ्या मुलांनी एवढं जाणावं की वाघाच्या विष्ठेत त्याच्या आतड्याच्या पेशी असतात, त्यांतून डीएनए निघतो आणि 'सीएसीएसी' अशा पुनरुक्तींच्या संख्येवरून वाघ कोण ते ओळखता येतं. आदित्य जोशी, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मध्य भारतातल्या सहा संरक्षित क्षेत्रांतल्या ५५ वाघांवरून दाखवलं की वाघ सुमारे ६५० किलोमीटर अंतरापर्यंत स्थलांतर करतात. ती वाट आपल्या शेतांतून, नाल्यांतून जाते.

वाचायला बसण्याआधी एक काम करा. अर्धं केळं कुस्करा. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर भांडी घासायचा द्रव साबण घालून त्यात ते हलकेच मिसळा, फेस होऊ देऊ नका. दहा मिनिटांनी पातळ फडक्यातून काचेच्या ग्लासात गाळा. ग्लास तिरका धरून कडेकडेने थंड केलेलं स्पिरिट ओता आणि हलवू नका. साबणाने पेशींची आवरणं फुटलेली असतात, मिठाने डीएनए एकत्र यायला मदत होते, आणि स्पिरिटमध्ये तो विरघळत नाही. दोन थर भेटतात तिथे पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू वर येऊ लागतील. त्यांत थोडी प्रथिनं, थोडं पेक्टिनही असेल, पण डीएनए त्यात आहे. काडीला गुंडाळून ते उचला, घरातल्यांना दाखवा, आणि मग पहिलं प्रकरण उघडा.

चिमूर,
१६ ऑगस्ट